सर्वाधिक सुधारणेचा मिक्सर

नेमबाजीच्या वर्गात ज्याची सर्वाधिक सुधारणा होईल त्याला मिक्सर मिळेल, असं मी पहिली चाचणी घेण्याच्या आधी जाहीर केलं. आधी. ही चूक संपूर्ण माझी आहे, तिच्यात मला कुणाचीही मदत झालेली नाही.

मंडईजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि दर रविवारी सकाळी एका शाळेच्या तळघरातल्या हॉलमध्ये मी हौशी लोकांना एअर रायफल शिकवतो. सहा रायफली, सहा रांगा, प्रत्येक रांगेसमोर दहा मीटरवर टांगलेलं कागदी कार्ड. वर्षातून चारदा आमच्या आपसात स्पर्धा होतात आणि चारही वेळा तेच तिघे कप घेऊन जातात. नवीन माणूस महिनाभर येतो, त्या तिघांकडे बघतो आणि पुढच्या रविवारपासून घरी बसून पोहे खातो.

शाळेच्या कार्यवाहांनी हे बरोबर हेरलं होतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, बसा म्हणाले नाहीत.

"दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी स्वतः मोजायला येणार. वीस शिकणारे दिसले तर हॉल तुमचा. नाहीतर झुंबावाल्यांचा अर्ज आलेला आहे. त्या साठ जणी आहेत आणि वेळेवर येतात."

"वीस काय, पंचवीस आणतो!"

"आणू नका. टिकवा."

हॉल जाऊ द्यायचा नाही, एवढं मी जिना उतरतानाच ठरवलं. आठ रविवारांचा वर्ग आखला. कपवाल्या तिघांना प्रवेश बंद. पहिल्या रविवारी चाचणी, शेवटच्या रविवारी स्पर्धा, आणि दोन्हींतल्या गुणांचा फरक ज्याचा सर्वांत जास्त त्याला बक्षीस. कप कुणाला हवाय? तीन भांड्यांचा मिक्सर आणला आणि खोक्यासकट फळ्याखालच्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. तेवीस जणांनी नावं दिली. मी स्वतःवर फार खूश होतो.

चाचणी झाली. संध्याकाळी दुकानात कार्डं पसरून बसलो तर शंभरपैकी कुणाला नऊ, कुणाला चौदा, एकाला चक्क शून्य. बावीस कार्डांवरची भोकं मधलं काळं वर्तुळ सोडून खाली डावीकडे गोळा झालेली, जिथे आम्ही नाव लिहितो तिथे. एकाने तर स्वतःच्या आडनावाच्या मधल्या अक्षरातून तीन छर्रे पार केले होते. इतक्या लहान अक्षरातून तीन छर्रे नेणारा माणूस नवशिका कसा, असा प्रश्न कुणालाही पडला असता. मला पडला नाही. मी निष्कर्ष काढला की सहाही रायफलींच्या नेम धरायच्या साईट बिघडल्या आहेत. गेली तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतोय, सहा बंदुकांचे काढायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाऊन मी सहाही रायफलींच्या साईटचे स्क्रू पिळले. वर आणि उजवीकडे, फिरायचे थांबेपर्यंत. एक तरी छर्रा मारून बघायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण कागदावर गणित इतकं सुरेख जुळलं होतं की त्याचा अपमान करवेना.

ही बावीस कार्डं झाली. तेविसावं कार्ड होतं गणिताच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांना आम्ही सगळे नुसतं बाई म्हणतो. बाईंची भोकं मधल्या वर्तुळाच्या आसपास विखुरलेली, गुण बावन्न. पुढच्या रविवारी मी त्यांना बाजूला घेतलं.

"बाई, तुमची पकड चुकतेय."

"मी मधे धरलं आणि मधे लागलं."

"तेच तर चुकतंय!" मी म्हणालो, आणि बिघडलेल्या रायफलीने मधे लागणं हा किती मोठा दोष आहे, हे त्यांना पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. चौतीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाची ती शांतता होती, हे मला नंतर समजलं.

त्या रविवारपासून वर्गाचे हाल सुरू झाले. जो तो मनापासून मधे नेम धरी आणि छर्रा वर उजवीकडे भिंतीत जाई. कुणी तक्रारही करीना, याचं मला नवल वाटे. मी आपला प्रत्येकाला श्वास रोखायला सांगत होतो, खांदा सैल सोडायला सांगत होतो. तिसऱ्या रविवारी चौदा जण उरले. रात्री जेवताना मला झुंबाचं संगीत ऐकू यायला लागलं.

चौथ्या रविवारच्या आधी, बुधवारी, मांजरी गावचे एक ऊसवाले काका दुकानात आले. वर्गातलेच, पण गेल्या रविवारी गैरहजर. बाईही तेव्हा दुकानात होत्या. मंडईतून मेथीची जुडी घेऊन, चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायला आल्या होत्या.

"डोळं तपासा माझं," काका खुर्चीत बसत म्हणाले. "कायतरी बिघाड हाय."

मी तपासले. नंबर होता तोच होता. "डोळे उत्तम आहेत, काका."

"मंग मधी धरलं का वर का जातंय? पयल्या रविवारी तर जितं मारीन तितं बसत हुतं!"

"पहिल्या रविवारी तुमचे सगळे खाली डावीकडे लागले होते."

काकांनी जीभ चावली. बाईंनी मेथी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "सांगून टाका आता."

"मिक्सरसाठी वो," काका म्हणाले. "आधी कमी पाडायचं, मंग वाढवायचं. सगळ्यांचं ठरलं हुतं चहाच्या टायमाला. मंग आता तक्रार कुठल्या तोंडानं करनार? मालकीन म्हनली, आठ रविवार ऊस सोडून जाताय, कायतरी घिऊन या."

मी बाईंकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शेजारच्या रांगेतल्या गृहस्थांनी मलाही सांगितलं, बाई, आज चांगलं मारू नका. मी म्हटलं, मला तेवढं येत नाही."

"मग मला का नाही बोललात?"

"बोलायला गेले होते. आपण माझी पकड सुधारत होतात." मग चष्मा नाकावर चढवून त्यांनी विचारलं, "आणि आता खरं सांगा, बंदुकांना काय केलंत?"

सांगितलं. काका इतके हसले की तपासणीची खुर्ची मागे गेली.

त्याच दुपारी आम्ही तिघे तळघरात गेलो. मी एकेक स्क्रू उलटा फिरवायचा, छर्रा मारायचा, काकांनी कार्ड ओढून आणायचं, बाईंनी वहीत लिहायचं. सहाही रायफली मधे येईपर्यंत तीन तास गेले आणि माझ्या बोटाला फोड आला. चौथ्या रायफलीनंतर मी फोडाकडे बघतोय हे पाहून बाई म्हणाल्या होत्या, "अजून दोन उरल्यात."

मग निघून गेलेल्या बाकीच्या आठ जणांची यादी काढली. प्रत्येकाला गाठून, मीच साईट बिघडवल्या, तुमचं काही चुकलेलं नाही, असं सांगायचं ठरवलं. खराडीच्या एका कंपनीतला मुलगा फोनवर ओरडलाच, "सर, सीरियसली? मी ब्रीदिंगचं अॅप घेतलं, पेड व्हर्जन!" पण येतो म्हणाला. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला कळायला तीन आठवडे लागले का?" आणि फोन ठेवला. तेही आले. एक जण पीएमटीत कंडक्टर, फोन उचलेनात. त्यांची गाडी स्वारगेटहून सुटते एवढी माहिती होती. मी त्या गाडीत चढलो आणि गर्दीत उभ्या उभ्या कबुलीजबाब दिला.

"आधी तिकीट घ्या," ते म्हणाले. पुढच्या स्टॉपला परत येऊन म्हणाले, "रविवारी पहिली पाळी नसली तर येतो."

मिक्सरचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. काढून टाकला तर निम्मे जातील, ठेवला तर पुन्हा आडनावांवर गोळीबार. तोड बाईंनी काढली. चाचणी नव्याने घ्यायची आणि सगळ्यांची कार्डं, ठळक नावागुणांसकट, शाळेच्या फाटकातल्या फलकावर स्पर्धेपर्यंत टांगायची. मी ते जाहीर केलं आणि हॉलमध्ये विलक्षण गांभीर्य पसरलं. आमच्या पेठांत माणूस मिक्सरवर पाणी सोडेल, पण शेजाऱ्यांनी दूध आणायला जाताना आपले नऊ गुण वाचावेत, हे त्याला सोसायचं नाही. त्या दिवशी कुणीही तिसाच्या खाली गेलं नाही.

उरलेले रविवार मी काही सुधारायला गेलो नाही. श्वास, पकड, चाप हळू ओढणं, एवढंच पुन्हा पुन्हा. पाऊस असो, मॅच असो, शटर आठला वर. ज्याचा सात पन्नासला निरोप येई की आज जमणार नाही, त्याला मी सात एक्कावन्नला फोन करी.

शेवटच्या रविवारी कार्यवाह आले आणि भिंतीशी उभे राहून बोटाने मोजत राहिले. मिक्सर मांजरीला जाणार हे तिसऱ्या तुकडीतच स्पष्ट झालं होतं, काका चौतीस गुणांनी वर चढले होते. पण माझं लक्ष त्या बोटावर होतं. ते एकोणिसावर थांबलं. कंडक्टरांना पहिली पाळी लागली होती.

"वीस म्हणालो होतो."

"शेवटच्या तुकडीत बाई एकट्याच आहेत," मी म्हणालो. "त्यांच्याबरोबर मी उतरतो. मीही शिकतोच आहे अजून."

"शिकवणारा धरत नाही मी."

"बघा तर."

मी पाचव्या रांगेत उभा राहिलो. बाई पहिल्या रांगेत होत्या. दहा छर्रे असे मारले की आयुष्यात मारले नव्हते. प्रत्येक चाप ओढताना आतून कळत होतं की हा लागला. रायफल ठेवली, दोरी ओढली आणि माझं कार्ड सरकत समोर आलं. कोरं. त्यावर माझं नाव होतं, बाकी काही नव्हतं.

शेजारी सहाव्या, रिकाम्या रांगेतलं कार्ड काकांनी ओढून आणलं. त्याच्या मधोमध माझी दहाच्या दहा भोकं होती.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, याचा अर्थ सगळे हसू दाबत होते. कार्यवाहांनी चष्मा वर केला, माझ्याच दुकानातला, आणि दोन्ही कार्डं हातात धरून बराच वेळ पाहिली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "वीस शिकणारे आहेत. एकोणीस जणांना येतं, हॉल विसाव्यासाठी ठेवा."