डाग पडू नये म्हणून

गल्लीत तिला सगळे खोळमावशी म्हणत. सोफ्याच्या, गादीच्या, फ्रिजच्या, मिक्सरच्या, असेल नसेल त्या वस्तूच्या खोळी शिवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. लोकांच्या बैठकीच्या खोलीत गुडघे टेकून माप घ्यायचं आणि त्यांनी बसा म्हटलं तरी बसायचं नाही, हा तिचा शिरस्ता. तिची खोळ एकदा चढली आणि खालून नाड्या आवळल्या, की आत बोट शिरायचं नाही. सुरकुती तर नावालाही नाही.

पुढे मुलगा कामाला लागला, सूनही कमावती मिळाली आणि खोळमावशीच्या घरी स्वतःचा सोफा आला. मागोमाग फ्रिज, काचेचं कपाट आणि खाली फळीच्या झाकणाचा खण असलेला दिवाण. सोफा आला त्या दिवशी ती त्याच्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, आता भरून पावले. हे सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी नणंद चहाचा कप घेऊन सोफ्यावर टेकली आणि मावशीनं कपाखाली हात धरला. नणंदेनं थेंबभरही चहा सांडला नाही, पण कप रिकामा होईपर्यंत तो हात काही हलला नाही.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. उन्हानं रंग उडेल म्हणून खिडक्या बंद. तेलाचा डाग पडेल म्हणून कुणी डोकं टेकायचं नाही. सोफ्याला खोळ, खोळीवर चादर, चादरीवर टॉवेल आणि माणसं खाली सतरंजीवर. सोफा घरमालक आणि आपण भाडेकरू, असं मुलगा चेष्टेनं म्हणायचा. ती हसायची आणि हसता हसता उठून टॉवेल सरळ करायची. सगळ्यात जास्त धास्ती तिनं उंदरांची घेतली होती, कारण शेजारच्यांची नवी गादी एका उंदरानं पोखरून ठेवली होती. सहा वर्षांची नात आजीची पावलं ऐकली की खेळ आवरून भिंतीशी सरकायची. पोर शहाणी आहे, असं मावशी चारचौघांत सांगायची.

बुधवार हा खोळी बदलायचा वार. त्या बुधवारी दुपारी मुलगा आणि सून कामावर होते, नात बाहेरच्या खोलीत चित्र काढत होती. मावशीनं दिवाणाची खोळ उतरवून भिजत घातली आणि वाळलेली दुसरी आणायला ती गॅलरीत गेली. परत आली तर नात तिथे नव्हती. आतल्या खोलीत खेळत असेल, असं ती धरून चालली. तिनं दिवाणाला खोळ चढवली, चारी कोपरे ओढले आणि पुढच्या नाड्या खालून मागच्या नाड्यांना घट्ट गाठीनं बांधल्या.

तेवढ्यात दिवाणाच्या खणातून खुडबुड ऐकू आली. खणात दोन नव्याकोऱ्या रजया होत्या, वर्षभर नुसत्या ठेवलेल्या. उंदीर आत शिरला असेल तर त्यांची चाळण करून टाकेल, आणि खोळ सोडली तर घरभर पळेल. तिनं काठी घेतली, खणाच्या फळीवर चार-पाच वेळा जोरानं आपटली आणि दात-ओठ खात म्हणाली, ‘‘थांब, तुझा जीवच घेते.’’

खुडबुड एकदम थांबली. मुलगा आला की बघू, असं म्हणून तिनं नाड्या आणखी आवळल्या आणि ती मशीनवर जाऊन बसली.

वीसेक मिनिटांनी दुधाचा कप भरून तिनं नातीला हाक मारली. पोर आली नाही. आतली खोली पाहिली, मोरी पाहिली. गॅलरीतून खाली वाकून बघितलं, पण खाली काहीच नव्हतं. दाराची वरची कडी आतून लागलेली होती आणि तिथवर पोरीचा हात पोचत नव्हता. म्हणजे पोर घरातच होती.

मग सोफ्यावरचा टॉवेल तिला तिरका दिसला. तिनं तो उचलला. चादरीवर तळहाताएवढा निळ्या रंगाचा डाग होता, खालच्या खोळीत उतरलेला. आणि तिच्या मनात आलं, निघेल का हा? पोर सापडत नसताना तिच्या मनात आधी हेच आलं. त्याची लाज तिला पुढे जन्मभर पुरली.

दुसऱ्याच क्षणी पोर का लपली आणि कुठे लपली, हे तिला कळलं.

गाठी तिच्याच हातच्या, सुटता सुटेनात. तिनं हाका मारल्या, फळीला कान लावला, पण आतून काही ऐकू येईना. तिनं मशीनवरची कात्री आणली, खोळ उभी फाडली आणि फळी खाली ओढली.

खणाच्या पार टोकाला नात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. घामानं चिंब, ओठ पांढरे पडलेले, डोळे उघडे. जिवंत होती. मावशीनं कात्री टाकून हात पुढे केले, तशी ती आणखी मागे सरकली.

‘‘बाळा, मला हाक का नाही मारलीस?’’ मावशीला रडू आवरेना.

आजीच्या हातात काठी नाही ना, हे नातीनं आधी पाहून घेतलं. मग धापा टाकत हळूच म्हणाली, ‘‘आजी, रजई खराब नाही झाली. मी कडेलाच होते.’’