सिम नसलेला फोन

काल देवपुरातल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात खण आवरताना एक जुना फोन सापडला. त्यात सिमची जागाच नव्हती; तेव्हा काही कंपन्यांच्या फोनमध्ये नंबर आतच भरलेला असायचा. काही वर्षांपूर्वी असाच बंद पडलेला फोन घेऊन एका दुपारी खेड्यातले नाना आले होते.

"सगळ्यांना फोनवर नेट हवंय, म्हणून कंपनीनं जुनं नेटवर्क बंद केलं," मी म्हणालो. "आता सिमवाला फोन घ्या. नंबर नवा मिळेल."

"मना पोऱ्या फौजमा शे! त्याले हाऊच नंबर माहीत शे!"

फौजेतल्या मुलाला हाच एक नंबर माहीत, असं ओरडत त्यांनी काठी हाणली. काउंटरची काच फुटली. दुसरा घाव माझ्या कपाळावर बसला, रक्त डोळ्यात ओघळलं. मीही त्यांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. त्यांचा दात तुटला.

तेव्हा म्हातारा माजलाय असं वाटलं होतं. आता माझी मुलगी परदेशात आहे. तासभर तिचा फोन लागला नाही, की माझी मूठ वळते. नानांची माफी मागायला मात्र मी कधीच गेलो नाही.