भिंतीवरच्या तीन काचा

कुठल्याही खोलीत शिरली की ती आधी भिंतीला हात लावायची. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा तळवा टेकवायची आणि मान वर करून, भिंत छताला जिथे भेटते त्या कोपऱ्यात काहीतरी शोधत राहायची. वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना विचारलं, "या खोलीत काय कमी आहे?" मुलांनी फॉल्स सीलिंगपासून कोपऱ्यातल्या कुंडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ही उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची खुर्ची थोडी अलीकडे घेता का? वरच्या बीमला तडा आहे." वर्ग हसला, मीही हसले. खुर्ची काही हलवली नाही, पण तिचं नाव मात्र तिथल्या तिथे 'तडेवाली' ठेवून मोकळी झाले. नावं ठेवण्यात आम्ही निर्मळ गावची माणसं कुणाला हार जात नाही.

आमची इंटिरियरची संस्था म्हणजे विरार पश्चिमेला स्टेशनजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मुंबईतल्या चाळीतून उठून आलेली माणसं इथे आयुष्यातला पहिला फ्लॅट घेत होती आणि घेतल्या घेतल्या त्याला पीओपीची फुलं लावून हवी होती, त्यामुळे आमच्या मुलांना कामं मिळायची. दादरच्या ज्या डिझायनरकडे मी दहा वर्षं घासली, त्यांनी मला एकच मंत्र दिला होता, तो मी दर बॅचला पहिल्या आठवड्यात ऐकवत असे: "बीम-कॉलम इंजिनिअरचे. आपलं काम प्लास्टरच्या अलीकडे." मुलं तो वहीत लिहून घेत. तडेवालीने पेन उचललंच नाही. "पण मॅडम, आपलं काम कुठे सुरू होतं ते भिंतीला कुठे माहीत असतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "भिंतीला नसलं तरी परीक्षकांना असतं. लिही." तिने लिहिलं. सांगितलेलं ऐकायची तिला वाईट खोड होती, हे मला फार उशिरा कळलं.

बाकीची मुलं गुळगुळीत मासिकांतली चित्रं कापून आणत. ही ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काखेत मारून विरार-नालासोपाऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडायची. नाणं कागदाखाली धरून वर पेन्सिल घासली की छाप उठतो ना, तसे ती भिंतींचे छाप घ्यायची. पाइपांच्या गळतीचे काळे ओघळ, ग्रिलच्या गंजाचे डाग, शेवाळ हे शेजारी हाताने काढायची. पुढेमागे एखादा मजला चढवता येईल म्हणून गच्चीवर उघड्या सोडलेल्या सळया तिने इतक्या वेळा काढल्या होत्या की मला त्या स्वप्नात दिसायच्या. वॉचमन हाकलून द्यायचे, बायका खिडकीतून "काय गं, कुठल्या ऑफिसातून आलीस?" म्हणून खडसावायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, एखादी नवी, स्वच्छ भिंत काढ की." तर म्हणाली, "नव्या भिंतीत काय काढणार, मॅडम? तिचं अजून काहीच झालेलं नसतं." मी तिच्या रेषेची जाडी चुकली म्हणून बोलले.

ती राहायची बोळिंजच्या बाजूला, चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाडीच्या खाऱ्या, सळया गंजवणाऱ्या रेतीने बांधलेली इमारत. आठ-नऊ वर्षांत तिची रया गेली होती. तिथे गच्चीवरची टाकी दुरुस्त करायला जवळच्या गावातला एक म्हातारा गवंडी येत असे. ही त्याच्याशी तासन् तास गप्पा मारायची. तिच्या घराच्या हॉलमध्ये, गॅलरीच्या दारासमोरच्या भिंतीवर एक तडा तिरपा चढत गेला होता. म्हाताऱ्याने त्यावर बोटभर रुंदीच्या तीन काचेच्या पट्ट्या आडव्या ठेवल्या, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली आणि हिला सांगितलं, "आता रोज बघत जा. काच फुटली म्हंजे भिंत चालते. नाय फुटली तर झोप सुखाने." हिने प्रत्येक काचेखाली आपल्या गिचमिड अक्षरात तारीख घातली. हे सगळं मला तिनेच सांगितलं, आणि मी ते गवंड्याच्या गमतीजमती म्हणून ऐकलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय होता दिवाणखाना. हिने आपल्याच घराचा हॉल घेतला. एका बाजूचं प्लास्टर काढून उघड्या ठेवलेल्या विटा, पडद्यासाठी गंजलेली सळई, ओघळांच्या रंगाचा सोफा आणि समोरच्या भिंतीवर तो तडा, जसाच्या तसा, झाकायचा प्रयत्न न करता, वर तीन काचा. सोबत प्लायवर खरं प्लास्टर थापून त्या भिंतीचा चार फुटी नमुनाही केला. मी तर हरखून गेले. आमच्या पोरांनी तोवर लॅमिनेट आणि आरसे यांच्या पलीकडे उडी मारली नव्हती. ज्या इमारतींना आम्ही नाकं मुरडत होतो त्यांतूनच ही एक खोली उभी करत होती, आणि ती खोली देखणी होती. 'रॉ लूक, रॉ लूक' करत मी तो नमुना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत सुटले. ती बाजूला उभी असायची. कुणी "सुंदर" म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, पोरगी लाजते.

परीक्षेच्या तीनेक आठवडे आधी मी पाहिलं तर नमुन्यातली मधली काच तडकलेली. मी म्हटलं, "हे काय? परीक्षकांपुढे फुटकी काच ठेवणार? नवी लाव. आणि त्या तारखा पुसून नीट स्टेन्सिलने घाल."

"मॅडम, घरची फुटली, म्हणून इथलीही फोडली."

"घरचं घरी. हे डिझाइन आहे."

तिने त्या काचेवर बोट टेकवलं. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा घरी येऊन बघाल? माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की पोरीने दोन वर्षं मला जे दाखवलं ते नुसतं डिझाइन नव्हतं. कुणातरी जाणत्या माणसाने तिच्या भिंतीकडे बघावं एवढंच तिला हवं होतं, आणि तिला सापडलेलं जाणतं माणूस मी होते.

रविवारी मी स्कूटी काढून तिच्याकडे गेले. वडील मुंबईत एका ऑफिसात हेडक्लार्क, मूळचे रत्नागिरीकडचे, परळच्या चाळीत वाढलेले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी. भला माणूस. मी बसायच्या आधी त्यांनी खुर्ची फडक्याने पुसली. स्वतःच्या घराचा अभिमान त्यांच्या अंगभर दिसत होता. स्विचबोर्डसुद्धा लख्ख होता. तड्याच्या खालच्या अर्ध्या भागावर त्यांनी कॅलेंडर लावलं होतं. "मॅडम, हिला जरा समजवा," ते म्हणाले. "दर गणपतीला मी व्हाइट सिमेंट भरून रंग काढतो, ही पुन्हा नखाने उकरते. इथे दोन फ्लॅटना गिऱ्हाईक आलंय. सेक्रेटरीच्याच घरात काचा चिकटवलेल्या बघून माणसं काय म्हणतील? लोकांनी आयुष्य घातलंय हो या घरांत."

तडेवालीने माझा हात धरला आणि भिंतीला टेकवला. भिंत गार होती, दमट होती. मी काय सांगणार होते? मला पडदे कळत होते, रंग कळत होते, लाकूड कळत होतं. 'मला यातलं कळत नाही, इंजिनिअर बोलवा,' हे सहा शब्द बोलायला काय हरकत होती? पण समोर बशीत चकल्या होत्या, आई पदराला हात पुसत दारात उभी होती, वडील माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी त्या घरात 'कॉलेजच्या मॅडम' होते. मी म्हटलं, "ओल आहे. पावसाळ्यानंतर वॉटरप्रूफिंग करून घ्या."

वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, की मला आपण पुण्य केल्यासारखं वाटलं. पोरगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम," ती म्हणाली, "ओलीने काच फुटत नाही."

"शहाणपणा पुरे," मी हसत म्हटलं आणि चकली उचलली.

पुढच्या आठवड्यात तिने नमुन्यावर नवी काच लावली. तारखा स्टेन्सिलने घातल्या, सरळ, सुबक. परीक्षकांनी नमुन्यापुढे पाच मिनिटं उभं राहून मान डोलावली. "या काचांची कल्पना कुठून सुचली?" त्यांनी विचारलं. "घरात होत्या," ती म्हणाली. 'होत्या' हा शब्द मला ऐकू आला, पण त्याचा अर्थ मी नंतर ऐकला. माझ्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी वडिलांनी तिन्ही काचा खरवडून काढल्या होत्या, तडा बुजवून भिंत रंगवली होती, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं की कॉलेजच्या मॅडम स्वतः बघून गेल्या, घाबरण्याचं कारण नाही, ओल आहे. ती पहिली आली. पेढे आम्ही खालच्याच दुकानातून आणले.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता, एका दुपारी, इमारतीच्या तिच्या बाजूच्या गॅलऱ्या बाहेरच्या भिंतीसकट वरपासून खालपर्यंत कोसळल्या. तिच्या घरात तेव्हा कुणी नव्हतं. बरोबर वरच्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या होत्या. त्या गेल्या. मी ऐकलं तेव्हा वर्गात होते, फळ्यावर पडद्यावरच्या पेल्मेटचा सेक्शन काढत होते. खडू ठेवला आणि तशीच गेले. रस्त्यावर माणसं उभी होती, कुणाच्या हातात देवांचं तबक, कुणाच्या हातात शाळेचं दप्तर. दुसऱ्या मजल्यावर तिचा हॉल उघडा पडला होता आणि समोरच्या नव्या रंगावर तो तडा पुन्हा उमटला होता, मी शंभरदा कागदावर पाहिला होता तसाच. वडील एका उलट्या बादलीवर बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि उठून हात जोडले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इमारत रिकामी करण्यात आली. माणसं पांगली, कुणी भावाकडे, कुणी गावी. आणि जग किती विचित्र असतं पाहा, लोक बोलू लागले ते त्या पोरीबद्दल. म्हणे ती आधीपासून काचा लावून मुहूर्त काढत बसली होती, म्हणे तिची जीभच काळी. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी इंजिनिअर नव्हते ना. माझं काम प्लास्टरच्या अलीकडे.

महिन्याभराने ती संस्थेत आली. वडिलांना घेऊन ते सगळे गावी निघाले होते. वडिलांनी ऑफिसला जाणं सोडलं होतं, तात्पुरत्या घरातही भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध बसायचे. मी तिला म्हटलं, "तुझा नमुना घेऊन जा." ती नको म्हणाली. मग माझ्याने राहवलं नाही. इतके दिवस टाळलेलं वाक्य मी बोलले. "चूक माझी आहे गं. मी ओल म्हणायला नको होतं. तुला काच बदलायला लावायला नको होती."

तिने सवयीने भिंतीला हात लावला होता. तो तसाच राहिला. "तुम्ही सांगितलंत, मॅडम," ती म्हणाली, "पण लावली मीच ना. मला पहिलं यायचं होतं."

एवढं बोलून तिने पर्समधून वर्तमानपत्राची एक पुडी काढून टेबलावर ठेवली आणि जिना उतरली. पुडीत घरच्या भिंतीवरची मधली काच होती, दोन तुकड्यांत. वडिलांनी खरवडून टाकलेल्या ढिगातून तिने ती वेचून ठेवली होती. मागच्या बाजूला रंगाचा ओघळ होता. त्यानंतर तिचं पत्र आलं नाही, आणि मी लिहिलं नाही. काय लिहायचं ते मला आजही ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी स्टुलावर चढले आणि माझ्या डोक्यावरच्या बीमच्या तड्यावर काचेची एक पट्टी लावली. प्लास्टर मला नीट लावता आलं नाही, तारीखही वाकडीतिकडी आली. नव्या बॅचची मुलं विचारतात, ही काच कशासाठी. मी सांगते, सगळं सांगते, चकलीसकट. तो दादरचा मंत्र मी आता शिकवत नाही. इंजिनिअर येऊन बीम बघून गेले, काळजीचं काही नाही म्हणाले, आणि काच अजून अखंड आहे. खुर्ची मात्र मी अलीकडे घेतली आहे.