खुळखुळाकाकूच्या बरण्या

गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव खुळखुळाकाकू ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नाही. वाळलेली भाजी काचेच्या बरणीत भरली की ती झाकण लावायची, बरणी कानाशी धरायची आणि हलवायची. काड्या वाजाव्यात तसा खणखणीत आवाज आला तर बरणी फळीवर, दबका आला तर भाजी पुन्हा गच्चीवर. सासूबाई सांगून गेल्या होत्या, डोळे लोभी, हात उतावळे, कान तेवढा सरळ. धाकटी जाऊ हसायची. म्हणायची, ताई डॉक्टर व्हायच्या त्या चुकून आपल्या घरात आल्या.

खराब हवेत डोंगरातला रस्ता बंद पडला की ताजी भाजी येईनाशी व्हायची. मग अख्खं घर तिच्या फळीवर जेवायचं. कोठीची किल्ली तिच्या कमरेला होती ती याच विश्वासावर.

त्या वर्षी मात्र एकही बरणी वाजेना. तिने मेथी परत उन्हात टाकली, पुन्हा टाकली, शेवटी तिचा भुगा झाला तरी आवाज नाही. तेव्हा तिला उमगलं, भाजी ओली नाही, आपलाच कान गेलाय, डावा पुरता आणि उजवा अर्धा. कुणाला सांगायचं? आज कान गेला म्हटलं की उद्या किल्ली जाणार. मेथीसारखी गत नको म्हणून तिने गवार आणि गाजर अंदाजानेच लवकर उचललं, बरण्या भरल्या आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, वाळवण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून ती कोठीत गेली, तर फळी रिकामी. तशीच धापा टाकत गच्चीवर चढली.

धाकटी उकिडवी बसून चादरीवर गवार पसरत होती. शेजारी गाजराच्या चकत्या, आणि पुसून पालथ्या घातलेल्या बरण्या. ती उठली, मुद्दाम काकूच्या उजव्या कानाशी आली आणि म्हणाली, "ताई, पहाटे तुमच्या उशाची किल्ली घेऊन कोठी उघडली, बरण्यांना आतून घाम फुटला होता. आज काढलं नसतं तर बुरशी धरली असती."

काकूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग लक्षात आलं, ही उजव्या बाजूला का आली?

"तुला कळलं होतं?"

"डावीकडून हाक मारली की तुम्ही वळत नाही, कधीपासून बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. भाजी थांबेना."

काकू खाली बसली आणि गवार पसरू लागली. जिला आपण आयुष्यभर तोंडाळ म्हटलं, तिने आपली लाज अशी चादरीत झाकून ठेवली. देव कुणाच्या रूपाने येईल सांगता येत नाही, आणि चष्मा लावून येईल असं तर तिच्या स्वप्नातही नव्हतं. धाकटीने चष्मा वर सरकवला आणि एक शेंग मोडायला घेतली. शेंग नुसती वाकली, तुटली नाही, म्हणजे अजून ओली.

रात्री जेवताना काकूने आपणहून सांगितलं की तिला ऐकू कमी येतं, वाळवण कच्चं राहिलं होतं आणि धाकटीने ते वाचवलं. नवरा म्हणाला, "तरीच! इतकी वर्षं माझं एक ऐकलं नाहीस."

"तुमचं सगळं ऐकू यायचं," काकू म्हणाली, "म्हणून तर सोडून द्यायचे."

हसण्याच्या गलक्यात तिने कमरेची किल्ली काढून धाकटीच्या ताटाशी ठेवली. धाकटीने ती डाव्या हाताने परत सरकवली. म्हणाली, किल्ली असू द्या, फक्त बरण्या भरल्या की मला हाक मारत जा.

रस्ता बंद झाला तेव्हा गवार शिजली, अगदी ताजी असल्यासारखी. बरणी अजूनही काकूच हलवते, सवय कुठली सुटायला. मग धाकटी ती बरणी उजेडाला धरते, आत घाम दिसतो का बघायला. आणि रोज दिव्यापुढे हात जोडताना काकू कान परत मागत नाही. म्हणते, दिलंस ते पुष्कळ दिलंस, हिचा चष्मा तेवढा सांभाळ.