एकशे अठ्ठ्याहत्तर अंश

दिग्रसच्या आमच्या शाळेतले गणिताचे सर जुन्या लग्नपत्रिकांचे त्रिकोण कापून मुलांना कोन मोजायला देत आणि दर वाक्यानंतर "हं, मंग?" म्हणत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सातवीच्या वह्या पाहिल्या. सगळ्यांच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी होती, एका मुलीची मात्र एकशे अठ्ठ्याहत्तर.

"हे चुकलं," साहेब म्हणाले.

मुलगी रडवेली होऊन खोडरबर शोधू लागली. सरांनी तिच्या वहीवर हात ठेवला.

"खोडू नको, बेटा. साहेब, हिनं मोजलं. बाकीच्यायनं पाठ होतं ते लिहिलं."

मग त्यांनी सगळ्या वर्गाला पुन्हा मोजायला बसवलं. कुणाचे एकशे एकोणऐंशी आले, कुणाचे एकशे ब्याऐंशी.

मी शेजारच्या वर्गाचा शिक्षक, दाराशी उभा होतो. सरांच्या जागी मी असतो, तर तिला खोडायलाच लावलं असतं.