काळ्या दगडाची पहिली पायरी

माझ्या थोरल्या जावेचे गुडघे गेलेत, हे आमच्या आळीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. ती काठी टेकत निघाली की कुत्री उठून वाट देतात. माझ्या पोटच्या पोराला मात्र ते आठवलं नाही. तो राग अजून माझ्या डोक्यातनं गेलेला नाही.

आमचं घर आंदर मावळात, उतारावर. अंगणातनं ओट्यावर यायला काँक्रीटच्या नऊ पायऱ्या. आमच्याकडच्या पावसानं त्या दरवर्षी शेवाळायच्या, कडा झिजून आतली खडी वर आलेली. पोरगा कंपनीत आहे. लोणावळ्यात कुणाच्या तरी बंगल्याला काळ्या दगडाच्या पायऱ्या बघितल्या आणि त्यानं डोक्यातच घेतलं. म्हणाला, आई, पाय घसरायची भानगडच मिटंल. मी म्हटलं, कर बाबा. दगड मलाही आवडतो, खोटं कशाला सांगू.

टेम्पोतनं दगड आले. एकेक एवढा लांब की दोन बाया शेजारी शेजारी बसतील, आणि जाडी चांगली चार बोटं. वरून टोचून खरबरीत केलेले, पाय धरणारे. दोर बांधून, बांबू घालून चौघं जण एक दगड वर नेत. गवंड्यानं आधी जुन्या पायऱ्या छिन्नीनं ठोकून घेतल्या, मग सिमेंटचा माल पसरायचा, वर दगड ठेवायचा, हळूहळू ठोकत बसवायचा, पाणी साचू नये म्हणून पुढं किंचित उतार द्यायचा. आधी ओटा केला, मग त्याखालची पायरी, मग त्याखालची. मी रोज चहा केला, दुपारी भाकरी-कालवण वाढलं. लय लाड केले मेल्यांचे.

आता घोळ कसा झाला ते बघा. ओटा दगडाच्या जाडीनं उचलला गेला, खालची पायरीही तेवढीच उचलली, तिच्या खालचीही. वरच्या पायऱ्या एकमेकींना होत्या तशाच राहिल्या. पण अंगण कुठं उचललं होतं? ते आपलं जागच्या जागी. म्हणजे सगळी वाढीव उंची त्या एकट्या पहिल्या पायरीवर आली. माझ्या नडगीच्या मध्यापर्यंत.

जाऊ दोन घरं खाली राहते, एकटीच. दुपारची भांडी झाली की ती वर येणार, आम्ही ओट्यावर बसून मिसरी लावणार, तांदूळ निवडणार आणि गावातल्या एकेक सुनेची झडती घेणार, असा आमचा कित्येक वर्षांचा नेम. काम चाललं होतं तोवर ती आली नव्हती. संपलं त्या दुपारी आली. काठी वरच्या दगडावर टेकली, पाय उचलला, तो पोचेना. दुसरा उचलून बघितला. धरायला कठडा नाही. खालनंच माझ्याकडं बघून म्हणाली, "धाकटे, तुमी आता बंगलेवाले झाला."

हसत म्हणाली आणि वळून गेली. मला वाटलं, कुणीतरी सणसणीत कानफटात मारली.

गवंड्याला गाठलं. त्याला म्हणे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, खालची पायरी उंच होणार. मग बोलला का नाहीस? "मला कुणी इचारलंच न्हाई, मावशी." माझं कालवण ओरपायला तोंड उघडत होतं, तेवढं हे सांगायला उघडेना. वर म्हणाला, खाली एक चपटी पायरी जोडून देतो, दगडही उरलेत.

संध्याकाळी पोराला सांगितलं. तो म्हणाला, मग नवाच्या दहा होतील, आणि पायऱ्या विषमच पाहिजेत असं लोणावळ्याच्या वास्तूवाल्यानं बजावलंय. म्हटलं, मग दोन जोड, अकरा होतील. तर म्हणे, दोन पुढं आल्या की त्याची गाडी अंगणात बसत नाही, फाटक लागत नाही.

म्हणजे एक जोडली तर वास्तू बिघडते आणि दोन जोडल्या तर गाडी उघड्यावर. माझ्या जावेचा हिशोब कुठंच नाही.

त्यानं तोड काढली. काकूला तो हात धरून वर आणणार. दिवसभर कंपनीत असतो हा, काकूनं काय रात्री यायचं तांदूळ निवडायला? तरी मी निरोप पोचवला. जाऊ म्हणाली, "मला उचलून न्यायला मी काय भाताचं पोतं हाय व्हय?"

चार दिवस मी तिच्याच दारात बसले. तिथं ना ओटा ना धड बसायला जागा. पाचव्या दिवशी पोरगा जेवायला बसला आणि माझ्यानं राहवलं नाही.

"तुला गोवर निघाला तवा मी भातलावणीला होते. तुला कडंवर घिऊन ही चढण दिवसभर तिनं चढली-उतरली. तवा तिनं पायऱ्या सम हायेत का विषम, ते मोजलं न्हाई."

तो भाकरी मोडत म्हणाला, "आई, तू विषय कुठल्या कुठं नेतेस."

बरं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि मी गवंड्याला बोलावलं. उरलेल्या दगडाच्या दोन चपट्या पायऱ्या करून घेतल्या. त्या दिवशी त्याला ना चहा, ना भाकरी. पोरगा आला, गाडीचं तोंड फाटकात घातलं, बराच वेळ नुसता आत बसून राहिला. मग गाडी मागं घेऊन रस्त्याकडंला फणसाखाली लावली. आता पाखरं तिच्यावर घाण करतात. रोज सकाळी तो पुसतो आणि पुसता पुसता माझ्याकडं बघतो. मीही बघते. बोलणं बंद आहे.

माल वाळल्यावर जाऊ आली. काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत, पण कुणाचा हात न धरता वर आली. ओट्यावर बसली आणि लगेच उठली. काळा दगड दुपारचा नुसता तवा झालेला. म्हणाली, ह्यापरीस शिमीट बरं होतं. मी आतनं गोधडी आणून चार पदरी घातली, मग टेकली एकदाची. रस्त्याकडं नजर गेली तिची.

"पोराची गाडी रस्त्यावर उभी केलीस व्हय गं?"

अशी तिडीक गेली मस्तकात, की त्या दुपारी पहिल्या शिव्या तिनंच खाल्ल्या.