कडू गोळीची साखर

"अलंकाराचं नाव मंग सांग. आधी वाक्य ऐकलं कुठं, थे सांग," असं म्हणत सर खडूचा हात कानामागे धरायचे. त्यांचा उजवा कान त्यामुळे कायम पांढरा असे. नागपूरच्या त्या शाळेत आम्ही दोघेही इंग्रजी शिकवायचो.

सर उमरेडच्या विणकर घरातले. इंग्रजीतले अलंकार आले की मी व्याख्या लिहून द्यायचो आणि पोरं घोकायची. सर मात्र रोज घरून एक वाक्य ऐकून आणायला सांगायचे. नळावरचं भांडण असो की आजीची शिवी, सगळं चालायचं.

"सर, माय म्हणते, तुले हजारदा सांगतलं!"

"तिनं मोजलं काय वं?"

"नाही, सर."

"मंग थे हायपरबोल. तुह्या मायले अलंकार येते, सांगजो तिले."

युफेमिझम त्यांना मुळीच आवडत नसे. "कडू गोळीले साखर लावली का झाला युफेमिझम. मेला त्याले देवाघरी गेला म्हणनं," असं ते तोंड वाकडं करून सांगायचे.

एकदा तपासणी आली. साहेबांनी सरांच्या वर्गात सिमिलीची, म्हणजे उपमेची, व्याख्या विचारली. एकालाही येईना. उदाहरणं पोरांनी पन्नास दिली असती, पण त्या शहाण्याला उदाहरण नकोच होतं! साहेबांनी शेरा मारला, 'शिकवणे असमाधानकारक'.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. "तुम्ही शेजारच्या वर्गावर असता. सर नीट शिकवतात का?"

सरांच्या पोरांचे मार्क दरवर्षी माझ्या पोरांपेक्षा जास्त असत, हे मला पाठ होतं. तरी मी म्हणालो, "मी काय सांगणार, सर?" त्या वाक्याची मला आजही चीड येते. साहेबाची, हेडमास्तरांची येते, पण सगळ्यात जास्त माझी.

महिनाभरात सरांकडून राजीनामा लिहून घेतला. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. जाताना ते फाटकात थांबले. "काहून गा, तुमी तरी बोलायचं होतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या फळ्यावर सूचना आली, 'प्रकृतीच्या कारणास्तव सर स्वेच्छेने निवृत्त झाले आहेत.' मधल्या सुट्टीनंतर तिच्याखाली कोणीतरी खडूनं मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, युफेमिझम.

एकाही अक्षराची चूक नव्हती.

हेडमास्तर ओरडत आले आणि माझ्या हातात ओलं फडकं दिलं. आणि मी, त्याच विषयाचा मास्तर, तो शब्द पुसला.